दोन घड्यांची इमारत: जायंट्स कॉजवेच्या कड्यावरचे केंद्र

जायंट्स कॉजवे या नैसर्गिक कातळखांबांच्या माथ्यावर, जळालेल्या पर्यटक केंद्राच्या जागी, जमिनीला घातलेल्या दोन घड्यांत नवे केंद्र कसे उभे राहिले, त्याची ही हकिगत. इमारत, संस्था आणि वास्तुरचनाकार सार्वजनिक नोंदीतले असल्यामुळे नावानिशी दिले आहेत. वादात सापडलेल्या व्यक्तींची नावे गाळली आहेत. प्रकरण समजून घ्यायला त्यांची गरज नाही.

पार्श्वभूमी

उत्तर आयर्लंडच्या अँट्रिम परगण्यात, उंच कड्याच्या पायथ्याशी, सुमारे ४०,००० कातळखांब एकमेकांना खेटून उभे आहेत. हाच जायंट्स कॉजवे. बहुतेक षट्कोनी, काही पाच वा सात बाजूंचे, क्वचित चार किंवा आठ बाजूंचेही. पायरीपायरीने उतरत ते अटलांटिकच्या पाण्यात शिरतात. फिन मॅकूल नावाच्या महाकाय वीराने स्कॉटलंडच्या महाकायाशी दोन हात करायला जाण्यासाठी हा सेतू बांधला, असे लोककथा सांगते. भूशास्त्र सांगते ते असे: सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा साचला, सावकाश निवला, निवताना आकसला, आणि आकसताना पडलेल्या भेगा वरून खाली उतरत गेल्या. चिखल वाळताना पडणाऱ्या भेगांसारख्याच या भेगा, फक्त कित्येक मीटर खोल.

मराठी वाचकाला हा दगड परका नाही. आपला सह्याद्री याच जातीच्या काळ्या पाषाणाचा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. अंधेरीचा गिल्बर्ट हिल आणि पन्हाळ्याजवळच्या बांदिवड्याचे कातळखांब हे कॉजवेचे चुलतभाऊच. अँट्रिमच्या कड्यात दोन लाव्हाथरांच्या मध्ये लालभडक पट्टा दिसतो, तो जांभ्याचाच प्रकार: एक थर निवल्यावर आणि पुढचा वाहून येण्याआधी उष्ण, दमट हवेत कुजलेला कातळ. हा पट्टा मऊ असतो. वरचा कडा त्यावर टेकलेला असल्याने दरडी पडतात, आणि कड्याखालची पायवाट कधी कधी बंद ठेवावी लागते. घाटरस्त्यांवर दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्याने काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना वेगळे सांगायला नको.

१९८६ मध्ये हे ठिकाण जागतिक वारसा यादीत गेले. त्याच वर्षी कड्याच्या माथ्यावर स्थानिक परिषदेचे पर्यटक केंद्र उघडले. एप्रिल २००० मध्ये ते जळाले. पुढची बारा वर्षे जगभरातून येणाऱ्या माणसांचे स्वागत तात्पुरत्या सोयींवर झाले.

अडचण

वरवर पाहता अडचण साधी होती: जळालेल्या इमारतीच्या जागी नवी बांधायची. खोलात गेल्यावर चार गाठी दिसतात.

पहिली मालकीची. खांब आणि किनारा नॅशनल ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे, तर माथ्यावरची जुन्या केंद्राची जागा आणि वाहनतळ स्थानिक परिषदेकडे. पाहायची वस्तू एकाची आणि पोहोचायची वाट दुसऱ्याची. वाहनतळाचे उत्पन्न ज्याचे, त्याच्यावर खांबांच्या झिजेचा खर्च पडत नाही.

दुसरी गाठ दृष्टीची. कड्याचा माथा उघडा आहे, झाड जवळजवळ नाही. अशा रानात दोन मजली घरसुद्धा मैलभरावरून डोळ्यांत खुपते. इथे येणाऱ्याचा अनुभव रस्त्यावरून माथ्याची रेघ दिसते तिथूनच सुरू होतो. ती रेघ मोडली, तर खाली खांब कितीही जपले तरी जागेचे अर्धे बळ गेलेले असते.

तिसरी गाठ गाड्यांची. असल्या ठिकाणी निसर्गचित्र बिघडवणारी सगळ्यात मोठी वस्तू बहुधा इमारत नसते, तिच्यापुढे उन्हात चमकणारी शेकडो टपांची चादर असते. आराखड्यांच्या चित्रांत ही चादर हमखास गायब असते, आणि उद्घाटनाच्या दिवशी ती अवतरते.

चौथी शेजाराची. माथ्यावर १८३६ पासूनचे हॉटेल आहे, जुनी शाळा आहे, खाली वारसा-रेल्वेचे स्थानक आहे. म्हणजे जागा कोरी नव्हती. नव्या इमारतीला रानाशी जुळवून घ्यायचे होतेच, आणि या जुन्या वस्तीच्या गळ्यातही पडायचे नव्हते.

पुढे आलेले पर्याय

असल्या जागी चार वाटा संभवतात.

माथ्यावर काहीच बांधू नये आणि सगळी व्यवस्था पाचेक किलोमीटरवरच्या बुशमिल्स गावात हलवावी, ही पहिली. गाड्या तिथे ठेवायच्या, बसने यायचे. अजिंठ्याला आपण हेच करतो: खासगी वाहने फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात, पुढचे चारेक किलोमीटर बस. रानासाठी ही वाट सर्वांत हलकी. पण तिला न चुकणारी बससेवा लागते, आणि ती पावसापाण्याच्या, गर्दी नसलेल्या दिवशीही तोट्यात चालवावी लागते. शिवाय माथ्यावर स्वच्छतागृह, निवारा, प्रथमोपचार हे लागतेच. म्हणजे ‘काहीच नाही’ म्हणता म्हणता तिथे टपऱ्यांची रांग उभी राहते, आणि आराखडा नसलेली रांग आराखडा असलेल्या इमारतीपेक्षा वाईट दिसते.

जुन्यासारखेच केंद्र, थोडे मोठे करून, पुन्हा बांधावे, ही दुसरी. परवानगी सोपी, खर्च कमी. पण माथ्याची रेघ तशीच मोडलेली राहते आणि गाड्यांचा प्रश्न जागच्या जागी.

तिसरी म्हणजे खांबांची नक्कल: षट्कोनी दालने, षट्कोनी फरशी, षट्कोनी खिडक्या. कॉजवेसारख्या जागी हा मोह फार जबर असतो. आमच्या मते हाच सर्वांत घातक पर्याय. अस्सल षट्कोनापासून किलोमीटरभरावर काँक्रीटचा षट्कोन उभा केला की पाहणारा नकळत तुलना करतो, आणि त्या तुलनेत इमारत हरते, पण जाताजाता अस्सलालाही थोडे खेळण्यासारखे करून जाते.

चौथी वाट जमिनीतच इमारत शोधायची. २००५ च्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत शेकडो प्रवेशिकांमधून डब्लिनच्या हेनेगन पेंग या कार्यालयाचा हा आराखडा निवडला गेला. त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: माथ्यावरच्या जमिनीला दोन घड्या घाला. एक घडी वर उचला, तिच्या पोटात केंद्र. दुसरी खाली दाबा, तिच्या खळग्यात वाहनतळ. दोन्हींच्या मधून चढता रस्ता, जो पायी येणाऱ्याला थेट कड्याच्या धारेकडे नेतो, केंद्रात पाऊल न टाकताही.

पहिला निर्णय: बांधणार कोण?

आराखडा निवडून झाला म्हणजे काम सुटले असे नाही. जवळच्याच जमिनीवर स्वतःचे केंद्र बांधण्याचा एका खासगी विकसकाचा प्रस्ताव आधीपासून होता. सप्टेंबर २००७ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्र्यांनी त्याला मान्यता देण्याकडे कल असल्याचे जाहीर केले. सार्वजनिक योजना थबकली, मोठा वाद झाला, आणि जानेवारी २००८ मध्ये खासगी प्रस्ताव नाकारण्यात आला. त्यानंतर नॅशनल ट्रस्टने सूत्रे हातात घेतली आणि परिषदेची जागा भाडेपट्ट्याने मिळवली. खर्च १.८५ कोटी पौंड. त्यात सार्वजनिक पर्यटन निधी, लॉटरीतून येणारा वारसा निधी आणि संस्थेचा स्वतःचा पैसा होता.

स्पर्धा आधी आणि मालकी नंतर, हा क्रम उलटा पडला. चांगला आराखडा हातात असून त्याला यजमान नव्हता. तो टिकला यात सुदैवाचाही भाग आहे. आराखडा बदलून घेण्याचे दडपण अशाच मधल्या काळात येते: थोडा उंच करा, दुकान मोठे करा, गाड्या दारापर्यंत येऊ द्या. दोन घड्यांची कल्पना इतकी एकसंध होती की तिच्यातून एक तुकडा काढला तर बाकी काही उरत नव्हते. केंद्र उंच केले की घडी राहत नाही, वाहनतळ वर आणला की दुसरी घडीच जाते. सुटे सुटे भाग जोडलेला आराखडा या काळात तुकड्यातुकड्याने खाल्ला गेला असता.

दुसरा निर्णय: छेदात लपायचे, दर्शनी भागात नाही

इमारत रानात मिसळवायची म्हणजे तिला हिरवा रंग द्यायचा किंवा भिंतीवर वेली चढवायच्या, असा समज सर्रास आढळतो. मिसळणे ठरते ते उभ्या छेदात, म्हणजे जमीन आणि इमारत उभी कापली तर दिसेल त्या आकृतीत. कागदावर जमिनीची रेघ काढा, पाहणाऱ्याचा डोळा १.६ मीटरवर ठेवा, आणि तिथून प्रत्येक वस्तूच्या टोकापर्यंत दोरी ताणा. दोरी जमिनीला अडली तर वस्तू लपली. एवढेच शास्त्र.

मोटार साधारण १.५ मीटर उंच. तेवढी लपवायला दीड-दोन मीटरचा खळगा आणि कडेला थोडा मातीचा उंचवटा पुरतो. सहलीची बस मात्र साडेतीन मीटरच्या वर जाते. तिच्यासाठी सगळाच खळगा चार मीटर खोल करणे म्हणजे खोदाई दुप्पट. म्हणून बसगाड्या सर्वांत खोल टोकाला आणि मोटारी उथळ बाजूला, अशी मांडणी करावी लागते. उताराचेही गणित आहे: १:१२ च्या उताराने ३ मीटर खाली जायला ३६ मीटर लांबी हवी. चाकाच्या खुर्चीला दमछाक न होता चढायला १:२० बरा, मग तीच लांबी ६० मीटर. ही लांबी सुरुवातीला न धरल्यामुळे पुढे कडेला नागमोडी रॅम्प चिकटवलेले आराखडे पुष्कळ दिसतात. कॉजवेत उतार हीच मूळ कल्पना असल्यामुळे अशी ठिगळे लावावी लागली नाहीत.

दोन घड्यांचा आणखी एक गुण असा की खळग्यातून निघालेली माती-मुरूम उंचवट्यासाठी वापरायची सोय आराखड्यातच असते. खोदाई आणि भराव यांचा मेळ बसला तर अरुंद रस्त्यावरच्या डंपरच्या खेपा वाचतात.

वरची घडी जमिनीलगत शून्यातून सुरू होते आणि हळूहळू उचलली जाते. रस्त्याच्या बाजूने काळ्या दगडी खांबांची रांग दिसते, माथ्याच्या बाजूने नुसते गवत. त्या गवतावर लोक चालतात आणि समुद्र पाहतात. चालणाऱ्यांच्या पायाखाली सुमारे १,८०० चौरस मीटरचे केंद्र आहे: प्रदर्शन, दुकान, उपाहारगृह. छपरात कापलेल्या लांबट चिरांतून खाली उजेड उतरतो.

तिसरा निर्णय: दगड कोठला, आणि कसा उभा करायचा

दर्शनी खांबांसाठी त्याच भागातल्या किलरे येथील खाणीचा काळा पाषाण घेतला. कॉजवे ज्या लाव्हायुगात घडला त्याच युगातला. नक्कल टाळून नाते राखण्याचा हा मार्ग फार विचारपूर्वक निवडलेला आहे: आकार षट्कोनी नाही, सरळ चौकोनी छेदाचा. रुंदी कमी-जास्त, अंतर कमी-जास्त. खांबांचे ‘खांबपण’ घेतले, कोन घेतले नाहीत.

या दगडाच्या काही खोडी मात्र माहीत असाव्या लागतात. ज्या भेगांमुळे कातळखांब तयार होतात, त्याच भेगांमुळे खाणीतून मोठा सलग ठोकळा मिळणे अवघड जाते. लांब खांब हवा तर तुकडे एकावर एक चढवावे लागतात, आणि प्रत्येक सांधा सरळ रेषेत बसला नाही तर उन्हात सावली वाकडी पडून चूक उघडी होते. वजनही कमी नाही. पाषाणाची घनता घनमीटरला साधारण २,९०० किलो. ४०० बाय ३०० मिलिमीटरचा, ६ मीटर उंच खांब धरला तर ०.७२ घनमीटर, म्हणजे दोन टनांच्या थोडा वर. तो वाऱ्यात डोलता कामा नये, म्हणून वरच्या टोकाला छपराशी बांधावा लागतो. पण गच्च बांधून चालत नाही. स्लॅब थोडा लवतो, तापमानाने सरकतो. सगळा भार दगडावर आला तर दगड सांध्याशी कडेने टवके टाकतो. वरची गाठ आडवे ढकलणे रोखणारी आणि उभी हालचाल मोकळी ठेवणारी असावी. खारा वारा असल्याने आतले पोलाद उच्च प्रतीचे गंजरोधकच हवे. साधी सळई गंजून फुगते आणि दगड आतून फाडते.

निवड करताना आपल्याकडचे पाथरवट हातोडीने दगड वाजवून पाहतात. सलग दगड खणखणतो, आत चीर असलेला भद्द बोलतो. ही परीक्षा यंत्रांच्या चाचण्यांच्या आधी करायला हरकत नाही, खाणीतच निम्मे सदोष ठोकळे बाजूला पडतात. सह्याद्रीच्या पाषाणात पोकळ्या आणि त्यांत भरलेली पांढरी खनिजे असतात. असा थर पृष्ठभागावर आला की पावसाळ्यागणिक खड्डे पडतात. नुकता कापलेला पाषाण करडा, ओला झाला की काळा, आणि वर्षे गेली की त्यातल्या लोहामुळे तपकिरी झाक येते. म्हणून नमुन्याचा दगड कार्यालयातल्या दिव्याखाली निवडू नये. तो जागेवर नेऊन ओला करून पाहावा.

खांबांमधल्या काचेचे गणित सुंदर आहे. खांब काचेच्या पुढे ४०० मिलिमीटर आलेले असतील आणि दोन खांबांत ६०० मिलिमीटरची फट असेल, तर काटकोनापासून साधारण ५६ अंशांपेक्षा जास्त तिरके पाहणाऱ्याला काच दिसेनाशी होते. लांबून तिरके येणाऱ्याला सलग दगडी कडा दिसतो. समोर आले की तोच कडा उघडतो आणि आतला उजेड, माणसे दिसतात. पुढेपण आणि फट यांचे प्रमाण बदलून हा कोन हवा तिथे आणता येतो. अट एवढीच की रस्ता कोणत्या कोनातून येतो हे आधी ठरलेले असावे. रात्री मात्र हीच काच कंदिलासारखी पेटते. अंधाऱ्या किनाऱ्यावर हा उजेड दिवसाच्या कोणत्याही भिंतीपेक्षा लांब दिसतो, म्हणून दिवे केव्हा विझवायचे हे आराखड्यातच लिहून ठेवावे.

चौथा निर्णय: चालता येईल असे गवताचे छप्पर

नुसते दिसायला हिरवे छप्पर आणि माणसे चालतील असे छप्पर, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्याला पातळ थर पुरतो. दुसऱ्याला रानगवत तग धरेल इतकी, म्हणजे किमान १५० मिलिमीटर माती हवी. ओली झाली की तिचेच वजन चौरस मीटरला सुमारे २७० किलो. वर गर्दीचा भार, आपल्या मानकांप्रमाणे चौरस मीटरला ५ किलोन्यूटन, म्हणजे आणखी ५०० किलो. स्लॅब स्वतः वेगळा. ‘वर थोडी माती टाकू’ असे शेवटी ठरवता येत नाही. खांबांचे अंतर आणि तुळयांची जाडी त्या मातीनेच ठरते.

थरांचा क्रम साधारण असा: स्लॅबवर उताराचा थर, त्यावर स्लॅबला पूर्ण चिकटलेला जलरोधक पडदा, मुळे रोखणारा थर, उष्णतारोधक, निचऱ्याचा थर, गाळणारे कापड, मग माती. पडदा चिकटलेला असावा याचे कारण गळती शोधताना कळते. सुटा पडदा एका जागी फाटला तर पाणी खालून वाहत दहा मीटरवर टपकते आणि अर्धे छप्पर उकरावे लागते. माती टाकण्याआधी तीन दिवस पाणी तुंबवून चाचणी घेणे अनिवार्य. कामाच्या घाईत नेमकी हीच चाचणी एका दिवसावर आणली जाते. गळती बहुधा सपाट भागात होत नाही. ती होते उजेडाच्या चिरांच्या कडांना, कठड्याच्या खुंट्यांशी आणि जिथे गवत खऱ्या जमिनीला मिळते त्या सांध्यात. या शेवटच्या सांध्यावर इमारत एका गतीने बसते आणि भराव दुसऱ्या. तिथे लवचीक जोड आणि आडवी निचरानळी नसेल तर दोन-तीन पावसांत गवतात सरळ रेघ उमटते आणि सगळ्या घडीचे सोंग उघडे पडते.

कॉजवेत आजूबाजूच्या रानातल्याच गवताचे बी वापरण्यात आले. बाजारचे हिरवळीचे बी लवकर उगवते, एकसारखे दिसते, आणि म्हणूनच वेगळे पडते. रानगवत पहिली एक-दोन वर्षे विरळ, मळकट दिसते. ‘छप्पर मेले’ अशा तक्रारी याच काळात येतात. तेव्हा घाबरून खत घातले तर दांडगे गवत माजते आणि नाजूक रानफुले मरतात.

आत काय सांगायचे

बांधकाम २०१० च्या अखेरीस सुरू झाले आणि ३ जुलै २०१२ रोजी केंद्र उघडले. पहिलाच वाद आला तो इमारतीवर नाही, एका ध्वनिफितीवर. कॉजवेच्या उत्पत्तीबद्दलच्या जुन्या वादांविषयी बोलताना, पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे असे मानणाऱ्या धार्मिक गटाच्या मताचाही त्यात उल्लेख होता. शास्त्रज्ञांनी आणि इतरांनी आक्षेप घेतला, ऑक्टोबर २०१२ मध्ये मजकूर बदलण्यात आला.

फिन मॅकूलची कथा सांगण्यावर कुणाचाच आक्षेप नव्हता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कथा कथा म्हणून सांगितली की ती भूशास्त्राच्या शेजारी सुखाने बसते. पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणून सांगितली जाणारी लेणी आपण अशीच पाहतो. गोंधळ होतो तो मताला पुराव्याच्या रांगेत बसवल्यावर. इमारतीचा प्रत्येक सांधा पाच जणांकडून तपासून घेणारी कामे भिंतीवरच्या मजकुराची मात्र शेवटच्या महिन्यात जुळवाजुळव करतात, हे नेहमीचे आहे.

परिणाम

वास्तू म्हणून निकाल चांगला लागला. पर्यावरणपूरकतेच्या ब्रीअम मानांकनात केंद्राला ‘उत्कृष्ट’ श्रेणी मिळाली, आणि वास्तुकलेसाठीच्या ब्रिटनमधल्या स्टर्लिंग पुरस्काराच्या २०१३ च्या अंतिम यादीत ते होते. माथ्याची रेघ शाबूत राहिली. गाड्या खळग्यात गेल्या.

प्रवेशशुल्क मात्र दुखरी जागा ठरले. सुरुवातीला प्रौढांना ८.५० पौंड, त्यात वाहनतळ आणि केंद्र एकत्र. खांबांपर्यंत जाणारी सार्वजनिक वाट कायद्याने मोफतच होती आणि आहे. पण गाडी लावून समोर दिसणाऱ्या दाराकडे जाणाऱ्या माणसाला ते उमगत नाही. त्याला वाटते, दगड पाहायचेच तिकीट आहे. मधला चढता रस्ता नेमका या मोफत वाटेसाठी काढलेला आहे, तरी आखणीने दिलेली मोकळीक तिकिटाच्या रचनेने झाकोळली.

दुसरा परिणाम अधिक खोल. २०१७ मध्ये वर्षभरातल्या पर्यटकांनी १० लाखांचा टप्पा ओलांडला. इमारत अदृश्य झाली, पावले झाली नाहीत. केंद्रापासून खांबांपर्यंतचा किलोमीटरभर उतार लोक पायी किंवा बसने जातात आणि शेवटी सगळे त्याच काही खांबांवर उभे राहतात. हौसेने भेगांत नाणी ठोकतात. खाऱ्या हवेत ती गंजतात, मूळ जाडीच्या तिपटीपर्यंत फुगतात आणि खांबांच्या कडा फोडतात. तांब्या-लोखंडाचे ओघळ दगडावर उतरतात. २०२५ मध्ये ही नाणी काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. ६ कोटी वर्षांच्या दगडाला चिल्लर पुरून उरावी, हे वाचताना वाईट वाटते.

वेगळे काय करता आले असते

मालकी आणि भाडेपट्टा आधी, स्पर्धा नंतर. हा क्रम पाळला असता तर बारातली काही वर्षे वाचली असती.

वाहनतळाचे शुल्क आणि प्रदर्शनाचे शुल्क पहिल्या दिवसापासून वेगळे, आणि मोफत वाटेचा फलक वाहनतळातल्या पहिल्या वळणावर, केंद्राच्या फलकाएवढ्याच अक्षरात.

पर्यटकांची संख्या ही आराखड्याची अट म्हणून धरायला हवी होती: खांबांवर एका वेळी किती माणसे चालतील हा आकडा आधी, त्यावरून बसच्या फेऱ्या, त्यावरून वाहनतळाच्या जागा, आणि सर्वांत शेवटी उपाहारगृहाची खुर्ची. सर्रास उलटे होते. खुर्च्यांच्या उत्पन्नावरून वाहनतळ ठरतो आणि कातळाच्या वाट्याला जे येईल ते येते.

आपल्याकडे हा आराखडा जसाच्या तसा उचलला तर पहिला घात पाऊस करील. खळग्यातला ३,००० चौरस मीटरचा वाहनतळ घ्या. कोकणात तासाला १०० मिलिमीटरची सर आली तर त्यात तासाभरात ३०० घनमीटर पाणी उतरते, म्हणजे सेकंदाला ८० लिटरच्या वर. पंपावर विसंबलेला खळगा वीज गेली की तळे होतो. खळगा उतारावरच काढावा, म्हणजे खालच्या टोकाने पाणी आपोआप बाहेर पडेल. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळपठारावर, तर खोदण्याआधी कातळशिल्पांची पाहणी हवी. मातीच्या दोन बोटे थराखाली ती असू शकतात, आणि जेसीबीच्या एका फटक्यात जातात. सड्यावरची डबकी आणि पावसाळी फुलेही त्या पाहणीत धरावी लागतील, म्हणून ती पाहणी उन्हाळ्यात उरकून भागणार नाही. गिल्बर्ट हिलच्या पायथ्याला जे झाले, की कातळ उरला पण तो दिसायला जागाच उरली नाही, ते टाळायचे तर नियोजित इमारतीच्या प्रत्येक कोपऱ्यावर पूर्ण उंचीचा बांबू रोवून, वरून रंगीत दोरी ताणून, ती येण्याच्या रस्त्यावरून, माथ्यावरून आणि खालच्या गावातून पाहावी. एकदा मे महिन्यात आणि एकदा श्रावणात.